स्टाफरूम : ‘सर्वानुमते मंजूर’ असं लिहिलं कुणी?

कॉलेजच्या कारभारात शिकवणाऱ्याचा वाटा किती, यावर प्रश्न पाठवा असं गेल्या अंकात म्हटलं होतं. ठाण्यापासून पनवेलपर्यंतची पत्रं आली. जवळजवळ प्रत्येकात एक ओळ समान आहे : ‘मॅडम, माझं नाव नको, कॉलेजचंही नको.’ तेव्हा नावं छापत नाही, फक्त स्टेशनं छापते. माझ्याबद्दल एवढंच की मी अर्थशास्त्र शिकवलं, आधी ठाण्यात, मग खाडीपलीकडे नवी मुंबईत. संघटनेचं कामही केलं. आता नौपाड्यात निवृत्त आहे. मी वकील नाही. जिथे वकील गाठायला हवा तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : मी एका अनुदानित कॉलेजात साहाय्यक प्राध्यापक आहे. यंदा महाविद्यालय विकास समितीवर निवडून आलो. पहिल्या बैठकीत विषयपत्रिका जागेवर बसल्यावर हातात पडली. भराभर विषय संपवले. मी बोलायला लागलो तर ‘सर, हे मॅनेजमेंटचं ठरलंय’ असं उत्तर मिळालं. नंतर इतिवृत्त पाहिलं तर सगळे विषय ‘सर्वानुमते मंजूर’. राजीनामा द्यावा असं वाटतंय.
— एक प्राध्यापक, ऐरोली

उत्तर : राजीनामा देऊ नका. तुमच्या रिकाम्या खुर्चीवर कोण येऊन बसेल ते तुम्हाला ठाऊक असेलच.

आधी ही समिती काय आहे ते नीट वाचा, कारण निवडून आलेल्यांपैकी कलम वाचलेले फार थोडे भेटतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधलं कलम ९७. हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या १९९४ च्या कायद्यात हिचं नाव स्थानिक व्यवस्थापन समिती होतं आणि जुनी मंडळी अजून ‘एलएमसी’च म्हणतात. अध्यक्ष आणि सचिव संस्थेचे. प्राचार्य सदस्य-सचिव. प्राचार्यांनी नेमलेला एक विभागप्रमुख, आयक्यूएसीचा (अंतर्गत गुणवत्ता कक्षाचा) समन्वयक, संस्थेनं नेमलेले चार स्थानिक सदस्य, विद्यार्थी परिषदेचे दोघं, शिक्षकेतरांचा निवडलेला एक, आणि पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडलेले तीन, त्यात किमान एक महिला. वर्षातून किमान चार बैठका. हात वर करून मोजायची वेळ आली तर तुम्ही तिघं हरणार, हे आत्ताच धरून चाला. म्हणून मतांच्या मागे न लागता नोंदीच्या मागे लागा.

समितीची कामं कायद्यात दिली आहेत. कॉलेजचं अंदाजपत्रक आणि हिशेब तयार करून संस्थेकडे शिफारस करायची, नवे अभ्यासक्रम आणि जादा शिक्षक-शिक्षकेतर पदं सुचवायची, स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे अनुदानाशिवाय फीवर चालणाऱ्या, अभ्यासक्रमांचा आढावा घ्यायचा, कर्मचाऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या कल्याणाच्या शिफारशी करायच्या. अंतिम निर्णय संस्थेचा असला तरी शिफारस इथूनच जायला हवी. तेव्हा ‘मॅनेजमेंटचं ठरलंय’ असं ऐकलं की शांतपणे एवढंच विचारा : ‘याची शिफारस आपल्या कोणत्या बैठकीत झाली, तारीख कळेल का?’

आता सहीचं बघू. बहुतेक ठिकाणी शिपाई एक फुलस्केप फिरवतो. वर तारीख असते, खाली नावं आणि पुढे रिकाम्या रेघा. आपण समोशाची प्लेट एका हातात धरून दुसऱ्या हातानं सही ठोकतो. तोच कागद काही दिवसांनी टाइप केलेल्या इतिवृत्ताला मागून टाचला जातो. तुम्ही सही केली होती हजेरीची, ती दिसू लागते मंजुरीची. यावर उपाय सोपा आहे. सहीपुढे स्वतःच्या अक्षरात ‘उपस्थित’ असं लिहा आणि वेळ टाका. मी हे सुरू केलं तेव्हा शेजारच्या सरांनी ‘अहो, कशाला?’ म्हणून कोपरखळी मारली होती. पुढच्या बैठकीला तेही लिहायला लागले.

पुढच्या बैठकीत पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’ हा असतो. सगळे तो खोकत-खाकरत ‘कायम, कायम’ म्हणून उडवतात. तुमची जागा तीच. बैठकीच्या आधीच प्राचार्यांना पत्र द्या : विषय क्रमांक अमुकवर मी हरकत घेतली होती, ती नोंदलेली नाही, ‘सर्वानुमते’ हा शब्द वगळावा. पत्राची पोच घ्या, आवक क्रमांकासकट. त्यांनी दुरुस्ती केली तर उत्तम. नाही केली तरी आवक-जावक नोंदवहीत तुमचं पत्र राहतंच, आणि नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची, समिती आली की ही इतिवृत्तं तिच्यापुढे ठेवावी लागतात. त्या दिवसांत प्राचार्य किती ऋजू होतात ते तुम्ही पाहिलं असेल.

पहिल्याच वर्षी दहा आघाड्या उघडू नका. एकच विषय लेखी द्या. मी असते तर हा दिला असता :

‘ठराव : चालू शैक्षणिक वर्षात विभागवार मंजूर पदे, भरलेली पदे आणि तासिका तत्त्वावर दिलेले साप्ताहिक तास यांचा तक्ता प्राचार्यांनी पुढील सभेत ठेवावा. बीएमएस, बीएएफ, बी.एस्सी. आयटी आदी स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांची जमा फी आणि त्यातून शिक्षकांच्या वेतनावर झालेला खर्चही त्यात दाखवावा.’

यात कुणावर आरोप नाही, त्यामुळे तोंडावर ‘नाही’ म्हणणं कुणालाही जड जातं. तक्ता एकदा पटलावर आला की पदभरतीची मागणी, पनवेलच्या सहसंचालक कार्यालयाशी पत्रव्यवहार, स्वयंअर्थसहाय्यित शिक्षकांच्या पगाराचा विषय, सगळं त्याच्या आधारानं पुढे नेता येतं. दिलाच नाही, तर कॉलेज अनुदानित आहे, दहा रुपये भरून माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण तो दुसरा डाव. आधी सभासद म्हणून मागा.

‘एवढ्या एका ओळीनं काय होणार’ असं तुम्ही मनात म्हणाल. २०१७ आठवा. मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याची पद्धत एका झटक्यात सगळ्या परीक्षांना लावली. निकाल महिनोन्‌महिने रखडले, परदेशी प्रवेश मिळालेली मुलं गुणपत्रिकेसाठी हेलपाटे घालत राहिली, आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. त्या वर्षी विद्यापीठात निवडून आलेली अधिसभाच, म्हणजे सिनेटच, नव्हती. जुनी संपलेली, नवी २०१८ मध्ये आली. अधिसभा असती तर हे टळलंच असतं असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पण कॅप सेंटरवर, म्हणजे तपासणी केंद्रावर, बसून पेपर तपासणाऱ्यांनी ‘प्रशिक्षण झालेलं नाही, यंत्रणा अपुरी आहे’ असं निर्णयाआधी अधिकृतपणे म्हणावं अशी जागाच शिल्लक नव्हती. तुमची समिती हे त्याचंच छोटं रूप आहे.

प्रश्न : आमच्याकडे बायोमेट्रिक आलं. प्राचार्य म्हणतात, रोज आठ तास थांबा, तास असोत वा नसोत. नियम काय?
— एक प्राध्यापिका, कोपरखैरणे

उत्तर : यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या विनियमांप्रमाणे पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार वर्षातले ३० आठवडे, आठवड्याला ४० तासांपेक्षा कमी नसावा आणि रोज किमान पाच तास कॉलेजात उपलब्ध असावं. प्रत्यक्ष शिकवण्याचे तास साहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला १६, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला १४. तयारी, पेपर तपासणं, संशोधन हे चाळीसमध्ये येतं आणि त्यातलं बरंच घरी, ग्रंथालयात किंवा ट्रान्सहार्बरच्या लोकलमध्ये होतं. आठ तास थांबवायचंच असेल तर बसायला टेबल, कपाट आणि चालणारा संगणक लेखी मागा. ज्या स्टाफरूममध्ये वीस जणांत सहा खुर्च्या असतात तिथे हा अर्ज फार लवकर निकाली निघतो.

प्रश्न : मी नेट आणि पीएच.डी. आहे. तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस, जितके तास तितके पैसे), सकाळी ठाण्यात आणि दुपारी वाशीला शिकवतो. मे महिन्यात पगार नाही, दिवाळीत नाही. नॅक आलं की फायली मात्र मीच करतो, सुपरव्हिजनलाही मीच. विभागाच्या बैठकीला मला बोलावत नाहीत. विकास समितीच्या निवडणुकीत मतही नाही. मी कोण आहे तिथे?
— एक सीएचबी प्राध्यापक, कळवा

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिलं पत्र लिहिणाऱ्या ऐरोलीच्या सरांनीही ते वाचावं, कारण उत्तराचा अर्धा भाग त्यांच्यासाठी आहे.

पैशाचं आधी. राज्य सरकारनं २०२३ मध्ये पदवीच्या वर्गांसाठी तासाचा दर ९०० रुपये केला, पदव्युत्तरला १,०००. एका शिक्षकाला आठवड्याला नऊ तास. म्हणजे एकही सुट्टी न येता महिना सुरळीत गेला तर बत्तीस हजारांच्या आसपास, आणि असा महिना वर्षात मोजकेच वेळा येतो. गणपती, दिवाळी, परीक्षा, निवडणूक, पावसात बुडालेले रूळ : ज्या दिवशी तास नाही त्या दिवशी पैसा नाही. म्हणून तुमच्यासारखे लोक दोन-तीन कॉलेजं धरतात आणि ठाणे स्टेशनच्या दहा नंबरवर पळतात. यूजीसीनं २०१९ मध्ये अतिथी शिक्षकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० असं ठरवलं. ते आणि आपलं यातलं अंतर कुणी पुसलेलं नाही.

आता गंमत बघा, गंमत म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. २०१८ च्याच विनियमांत लिहिलंय की कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावेत, त्यांची पात्रता नियमित शिक्षकाइतकीच हवी आणि त्यांचं ठोक वेतन नियमित साहाय्यक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसावं. सुंदर नियम. त्यातून निसटायची वाट म्हणजे तुम्हाला ‘कंत्राटी’ न म्हणता ‘तासिका तत्त्वावर’ म्हणायचं. पद रिकामं, काम पूर्ण, माणूस कुठल्याच रकान्यात नाही. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीनं नव्या विनियमांचा मसुदा काढला, त्यात ही दहा टक्क्यांची मर्यादाच गाळली होती. मर्यादा होती तेव्हा हे हाल, हे मसुदा लिहिणाऱ्यांना कुणी सांगायला हवं होतं.

न्यायालयाचं दार अगदीच बंद नाही. गुजरातमधल्या सरकारी अभियांत्रिकी कॉलेजांतले कंत्राटी साहाय्यक प्राध्यापक वर्षानुवर्षं नियमितांचंच काम महिना तीस हजारांवर करत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना साहाय्यक प्राध्यापकाच्या किमान वेतनश्रेणीइतका पगार द्यायला सांगितलं आणि समारंभात गुरूचे श्लोक म्हणून भागत नाही, अशी कानउघाडणीही केली. तो निकाल कंत्राटींचा आहे, तुमच्या नऊ तासांना जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण पूर्ण कामाचा पुरावा असेल तर वकील त्याचा आधार घेऊ शकतो, आणि पुरावा तुमच्याच हातात आहे.

तो असा जमवा. नॅकचं काम, सुपरव्हिजन, प्रवेश समिती, काहीही सांगितलं की ‘सर, एक मेल टाकता का, म्हणजे माझ्या लक्षात राहील’ असं म्हणा. गोड बोलून, अजिजीनं, कसंही. मेल आला नाही तर तुम्हीच टाका : ‘आज सांगितल्याप्रमाणे निकष दोनची फाइल पूर्ण केली आहे.’ नेमणुकीची सगळी पत्रं, दर सत्राची वेळापत्रकं, मानधनाची बिलं एका फायलीत. सुपरव्हिजनचा भत्ता वेगळा असतो, तो सोडू नका.

मताचं. कायदा ‘पूर्णवेळ’ शिक्षक म्हणतो, त्यामुळे विकास समितीसाठी तुमचं मत धरलं जात नाही. ज्याला कारभाराची झळ सर्वांत जास्त, तो मतदार यादीत नाही. विभागाच्या बैठकीबद्दल मात्र तसं काही नाही. वेळापत्रक आणि अभ्यासक्रमाची वाटणी तिथे होते आणि तुम्हाला बोलावण्यापासून विभागप्रमुखांना कोणताही कायदा अडवत नाही. अडवतो तो संकोच, आणि कधीकधी आमच्या कायम नोकरीवाल्यांचा माजही. मी संघटनेत असताना सीएचबीवाल्यांना सभासद करून घ्यायचा विषय निघाला की खोलीत अचानक चहाची तल्लफ यायची, हे लिहायला मला काही वाटत नाही. ऐरोलीचे सर, तुमच्या त्या तक्त्यात साप्ताहिक तास आहेत ते यांचे. तक्ता मांडायच्या आधी यांना भेटा, आकडे यांच्याकडून तपासून घ्या. ऑफिस देईल तो आकडा आणि खरा आकडा यात फरक निघेल, पैजेवर सांगते.

प्रश्न : स्वयंअर्थसहाय्यित कॉलेजात अकरा महिन्यांच्या करारावर आहे, हे तिसरं वर्ष. बाळंतपण फेब्रुवारीत, करार एप्रिलमध्ये संपतो. एचआर म्हणतं, ‘रजा करार संपेपर्यंतच, पुढचं पुढे बघू.’
— नेरूळ

उत्तर : पुढचं आत्ताच बघा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून हे नियम सामाजिक सुरक्षा संहितेत आले. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. अट एवढीच की आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. तुमचं झालंय. करार रजेच्या मध्येच संपतो म्हणून लाभ तोडता येतो का, हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे ऑगस्ट २०२३ मध्ये आला होता. दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टरचं प्रकरण. लाभ कराराच्या मुदतीपलीकडेही मिळतो, असं न्यायालयानं सांगितलं. रजेवर असताना काढून टाकणंही कायद्यानं चालत नाही.

अर्ज लेखी द्या, डॉक्टरांचा दाखला जोडा, तारखा स्पष्ट लिहा, पोच घ्या. ‘बघू’ला उत्तर म्हणून मेल : ‘आज आपण सांगितलंत की रजा एप्रिलपर्यंतच मिळेल. कृपया हे लेखी कळवावं.’ लेखी द्यायला फारसं कुणी धजावत नाही, आणि तिथून बोलणी सुरू होतात. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही मागता येते. बाकी, तब्येत सांभाळा; उन्हाळ्यात नेरूळहून कुठेही धावपळ करायची वेळ येऊ नये म्हणून हे सगळं पौषातच उरकून घ्या.

प्रश्न : आमचं कॉलेज स्वायत्त झालं. पेढे वाटले. आता आम्हाला विद्यापीठाकडे बघायला नको, असं सांगतात. शिक्षकांचा आवाज वाढला की घटला?
— विभागप्रमुख, वाशी

उत्तर : एका खोलीत वाढला, दुसरीत घटला. स्वायत्त कॉलेजात अभ्यास मंडळावर विभागातले सगळे शिक्षक येतात आणि तुम्ही विभागप्रमुख म्हणून अध्यक्ष. संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम वरून छापून यायचा. आता तुम्ही आणि तुमचे सहकारी तो ठरवू शकता. हे छोटं नाही, फक्त त्यासाठी कामाचे तास कुणी वाढवून देत नाही. नियामक मंडळावर मात्र शिक्षक दोनच, तेही प्राचार्यांनी ज्येष्ठतेनुसार नेमलेले. विद्या परिषदेवर विभागप्रमुख असतात आणि ज्येष्ठतेनं पाळीपाळीनं येणारे चार शिक्षक. निवडणूक या शब्दाचा पत्ता नाही.

युनेस्कोनं १९९७ मध्ये उच्च शिक्षणातल्या शिक्षकांच्या दर्जाबद्दल शिफारस मंजूर केली. तीत म्हटलंय की शैक्षणिक मंडळांवर बहुसंख्य प्रतिनिधी शिक्षकांना निवडून देता आले पाहिजेत. शिफारस ती शिफारस, तिच्यावर कोर्टात जाता येत नाही. पण तुम्ही विभागप्रमुख आहात. नेमणुकीच्या आधी स्टाफनं आपापसात गुप्त मतदान करून ज्येष्ठांपैकी दोन नावं प्राचार्यांना सुचवायला कुणाची हरकत आहे? प्राचार्य शहाणे असतील तर त्यांनाही ते सोयीचं जातं. आणि पेढे संपले असतील तर परीक्षेचं काम कुणावर पडणार ते आत्ताच लिहून घ्या, कारण पेपर काढण्यापासून निकाल लावण्यापर्यंत सगळं आता तुमच्याच अंगणात आहे.

प्रश्न : माझी मुलगी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात पीएच.डी.ला गेली. पहिल्याच सत्रात तिनं संपात भाग घेतला, आता ती म्हणे युनियनची प्रतिनिधी झाली! शिकायला गेलेल्या मुलीला युनियन कशाला? व्हिसाचं काही होणार नाही ना? तिचे बाबा झोपत नाहीत.
— एक आई, वर्तकनगर

उत्तर : बाबांना झोपू द्या. व्हिसावरच्या विद्यार्थ्यालाही तिथे कायदेशीर युनियनचं सभासद होता येतं.

तुमची मुलगी नुसती शिकत नाही, पदवीच्या मुलांना शिकवते, त्यांचे पेपर तपासते. विद्यापीठाचं निम्मं काम अशांच्या खांद्यावर चालतं. १४ नोव्हेंबर २०२२ ला त्या विद्यापीठाच्या दहाही आवारांत सुमारे ४८,००० जण संपावर गेले : शिकवणारे विद्यार्थी, संशोधन सहायक, पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे संशोधक). नाताळच्या तोंडावर तो मिटला. अर्धवेळ शिकवणाऱ्या विद्यार्थ्याचं नऊ महिन्यांचं किमान वेतन २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत ३४,००० डॉलरवर न्यायचं ठरलं. तिथलं घरभाडं तुम्ही ऐकलंच असेल, तेव्हा हा आकडा रुपयांत करून हुरळू नका.

मला त्या विद्यापीठाचं कुतूहल वेगळ्या कारणानं आहे. तिथल्या प्राध्यापकांच्या सिनेटला १९२० पासून प्रवेशाच्या अटी, अभ्यासक्रम, पदव्या यांवर खरा अधिकार आहे. कायम प्राध्यापकांना टेबलाशी खुर्ची आहे. ती ज्यांना नाही, म्हणजे विद्यार्थी-शिक्षक आणि कंत्राटी व्याख्याते, त्यांनी आपापल्या युनियन काढल्या. आपल्याकडे उलटं झालं. मुंबईतल्या प्राध्यापकांची बुक्टू असो की राज्यभरची एम्फुक्टो, संघटना कायम शिक्षकांच्या बळावर उभ्या राहिल्या, लढल्याही. २०१३ मध्ये परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला तेव्हा ७१ दिवसांचा पगार रोखला गेला, त्यासाठी कोर्टकचेऱ्या झाल्या. कळव्याच्या सीएचबी प्राध्यापकाला त्या ताकदीतलं फार थोडं मिळालं. मुलगी सुट्टीत आली की तिला माझ्याकडे पाठवा. तिथे एकेका विभागातून सभासद कसे जोडले, हे मला तिच्याकडून नीट ऐकायचंय, थालीपीठ माझ्याकडून.

प्रश्न : संस्थेनं शुक्रवारी पत्र दिलं, ‘आपली सेवा संपुष्टात येत आहे.’ विद्यापीठाची मान्यता असलेली नेमणूक आहे. ठाण्याच्या कामगार न्यायालयात जाऊ का?
— एक प्राध्यापक, घोडबंदर रोड

उत्तर : नको. शिक्षक तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली ‘कामगार’ नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच गोव्याच्या एका प्रकरणात सांगितलंय. तिथे गेलात तर महिने वाया जातील. तुमचं ठिकाण विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण, आणि मुदत पत्र हाती पडल्यापासून ३० दिवस. यासाठी वकील लागतोच, आणि सेवाविषयक प्रकरणं चालवणाराच धरा. विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज करून तिच्या उत्तराची वाट बघत बसू नका, तेवढ्यात मुदत टळते. नेमणूक पत्र, विद्यापीठाचं मान्यता पत्र, शेवटच्या तीन पगाराच्या पावत्या आणि ते शुक्रवारचं पत्र पाकिटासकट घेऊन जा. पाकीट फेकलं नसेल अशी आशा आहे, पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख असते.

आणखी एक. सेवा पाच वर्षं किंवा जास्त झाली असेल तर ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची आहे. २००९ च्या दुरुस्तीनं शिक्षक तेव्हाच्या ग्रॅच्युइटी कायद्यात आले, तेही ३ एप्रिल १९९७ पासून, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम केली. तिचा अर्ज वेगळा करायचा. ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, काही येणे नाही’ असा छापील कागद पुढे केला तर त्या दिवशी चष्मा घरी विसरला म्हणा आणि तो कागद वकिलाला दाखवायला घेऊन या.